इरावतीबाई आणि आमचे खांडववन

कुरखेड्याच्या बाजारात एखादा अनोळखी माणूस हातात वही घेऊन उभा दिसला की आमच्याकडची मंडळी दोनच तर्क करतात. एक तर तो तेंदूपत्त्याच्या फळीवर हिशेब लिहिणारा असणार, नाहीतर सर्वेवाला. हिशेब लिहिणाऱ्याशी लोक हुज्जत घालतात, कारण तिथे पैशाचा प्रश्न असतो. सर्वेवाल्याशी मात्र फार गोड बोलतात. त्याला सावलीत बसवतात, पाणी देतात, आणि तो जे विचारील त्याला त्याच्या मनाजोगे उत्तर देऊन वाटेला लावतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः सर्वेवाला होतो.

गोष्ट 1986 सालची. समाजशास्त्राचा नवा नवा मास्तर झालो होतो. चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाल्याला चारच वर्षे झाली होती आणि ज्याला त्याला या जिल्ह्याचा अभ्यास करायचा होता. मीही सायक्लोस्टाइल केलेली चाळीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन पुराड्याच्या पलीकडच्या एका गावात गेलो. पहिल्याच घरात एक म्हातारी गोंड बाई मोहफुले वाळत घालत बसली होती. कुटुंबप्रमुख कोण, या पहिल्याच प्रश्नाला तिने मला बसायला सांगितले आणि उलट माझीच चौकशी सुरू केली. गाव कोणते, घरात कोण कोण, लग्न का झाले नाही, पगार किती. आमच्या घरची शेती चारचौघांत सांगण्याजोगी नव्हती, म्हणून मी ती थोडी वाढवून सांगितली. आणि पगार सांगितला तर ही हातउसने मागेल या भीतीने तो दीडशे रुपयांनी कमी सांगितला. म्हातारी मान डोलावत हसली आणि आता तुझे लिही म्हणाली. मग तिने माझ्या चाळीसही प्रश्नांची उत्तरे दिली.

परत येताना सती नदीच्या काठी सायकल उभी करून मी ते कागद चाळले, आणि लक्षात आले की मी जर तिला खरे सांगितले नाही, तर तिने मला खरे का सांगावे? माणसाने माणसाचा अभ्यास करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात होताच. पण तिथे तो पाच गुणांचा होता. नदीकाठी तो एकदम नोकरीच्या मुळाशी आला.

त्या हिवाळ्यात मी इरावती कर्वे वाचायला घेतल्या. त्याआधी त्या मला माहीत होत्या त्या सर्वांना माहीत असतात तेवढ्याच. 'युगान्त' लिहिणाऱ्या, 'परिपूर्ती' नावाचा धडा असणाऱ्या, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. त्या समाजशास्त्रज्ञ होत्या हे वाक्य पाठ होते. पण त्या नेमके काय करीत होत्या, हे कुणी सांगितले नव्हते.

त्यांचे नावच एका नदीचे. ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावी 15 डिसेंबर 1905 रोजी त्या जन्मल्या. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत इंजिनियर होते. ऐरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवले. तिथे तिची गट्टी जमली शकुंतला परांजपे या मुलीशी. शकुंतलेचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. मैत्रिणीच्या आईने या दूरदेशीच्या पोरीला घरीच आणले आणि दुसरी मुलगी म्हणून वाढवले. पुस्तकांनी भरलेले, देवावर फारसा विश्वास नसलेले, वाद घालायला मुभा असलेले असे ते घर. त्या घरी येणाऱ्या बालकराम नावाच्या एका न्यायाधीशांमुळे तिला मानववंशशास्त्र या विषयाची गोडी लागली असे सांगतात.

1926 साली त्या तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. त्याच सुमारास महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशी लग्न झाले. पुढे मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एम. ए. केले, आणि प्रबंधाला विषय घेतला तो स्वतःच्याच जातीचा, चित्पावनांचा. पहिला अभ्यास आपल्या घरच्यांचा करायचा, ही गोष्ट मला तेव्हा फार महत्त्वाची वाटली. आम्ही सगळे दुसऱ्याच्या अंगणात वही घेऊन जात होतो.

मग जर्मनी. सून परदेशी शिकायला जाणार, हे महर्षींना फारसे पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या घरी हे घडावे याचे आज आश्चर्य वाटते. पण मोठी माणसेही आपल्या घराच्या उंबऱ्याशी थोडी वेगळी वागतात, हे आपण सगळेच जाणतो. दिनकरराव मात्र ठाम होते. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या जीवराज मेहतांनी कर्जाऊ पैसे दिले आणि 1928 च्या अखेरीस तेवीस वर्षांच्या इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

आता जे सांगणार आहे ते मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ऐकत. बर्लिनच्या डाहलेम भागात एक नवी संस्था नुकतीच उघडली होती. कैसर विल्हेल्म यांच्या नावाची, मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची. तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन तिथल्या मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे घेतली होती आणि त्यावरून वंशांच्या उच्चनीचतेविषयी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. इरावतीबाईंना त्यांनी विषय दिला तो मानवी कवटीच्या विषमतेचा. माणसाची कवटी डावीकडून आणि उजवीकडून तंतोतंत सारखी नसते. फिशरसाहेबांचा कयास असा, की युरोपीय माणूस अधिक तर्कबुद्धीचा, म्हणून मेंदूचा एक भाग त्याच्यात अधिक वाढलेला, म्हणून त्याच्या कवटीत ही विषमता अधिक असली पाहिजे. इतरांच्यात कमी. हे कवट्या मोजून सिद्ध करायचे.

संस्थेत कवट्यांचा संग्रह होता. त्यात आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. कुणाच्या तरी आईच्या, कुणाच्या तरी मुलाच्या. नावे नाहीत, नुसते क्रमांक. पुण्याहून आलेल्या या मुलीने 149 कवट्या मोजल्या. विषमता सगळ्यांच्यात आढळली. वंशाशी तिचा काही संबंध आढळला नाही. आणि तिने ते तसेच लिहिले.

हे किती अवघड होते याचा विचार करा. मार्गदर्शक जगप्रसिद्ध. पैसे कर्जाचे. घरी सासऱ्यांची नाराजी. परक्या देशात, परक्या भाषेत प्रबंध लिहायचा. मार्गदर्शकाच्या मनासारखा आकडा थोडा इकडचा तिकडे केला असता तर कुणाला कळले असते? मी दीडशे रुपये इकडचे तिकडे केलेच होते की! डॉक्टरेट मिळाली, पण फिशरनी गुण बेताचेच दिले, असे त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि त्यागो पिंतो बार्बोसा यांनी 2024 साली लिहिलेल्या 'इरू' या इंग्रजी चरित्रात आले आहे. फिशर पुढे 1933 मध्ये हिटलरच्या राज्यात बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेच्या विद्येचा नाझींनी कसा उपयोग केला, हे जगाला ठाऊक आहे. माणसे मोजण्याचे शास्त्र कुठपर्यंत जाऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

गंमत अशी, की बाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही. परत आल्यावर काही वर्षे श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. पण कारकुनी त्यांच्या पिंडाची नव्हती. 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवायला आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. तिथून त्या महाराष्ट्रभर आणि महाराष्ट्राबाहेरही हिंडल्या. एस. टी., बैलगाडी, पायी, जसे जमेल तसे. जातीजातींतल्या आणि जमातींतल्या लोकांची उंची, डोके, नाक मोजले. पुढे रक्तगट तपासले. पुराणवस्तुसंशोधक सांकळियांबरोबर गुजरातेत लांघणजला प्राचीन माणसांचे सांगाडे सापडले, तेही अभ्यासले. बर्लिनचा अनुभव घेतलेल्या बाईने पुन्हा तेच का करावे, हा प्रश्न मला अनेक वर्षे खटकत राहिला. आजही तो पुरता सुटलेला आहे असे म्हणवत नाही. आमच्याकडच्या एखाद्या माणसाच्या डोक्याला कुणी व्यासमापक लावत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की अंगावर काटा येतो.

पण त्यांचा प्रश्न वेगळा होता, हे मान्य केले पाहिजे. जाती कशा झाल्या? पूर्वी चार वर्ण होते आणि त्यांचे तुकडे पडत पडत हजारो जाती झाल्या, असे बहुतेक पंडित मानत. त्यांचे गुरू घुर्ये यांचाही कल तिकडेच. बाईंनी कुंभार घेतले. महाराष्ट्रात कुंभार म्हणून ओळखले जाणारे अनेक गट आहेत. त्यांची चाके वेगळी, घडवण्याच्या रीती वेगळ्या, एकमेकांत लग्ने नाहीत. मग त्यांनी ब्राह्मण घेतले. शिष्य कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची तुलना 1968 साली प्रसिद्ध केली. तेही शरीराने एका मुशीतले निघाले नाहीत. म्हणजे एका भाकरीचे तुकडे नव्हेत, तर वेगवेगळ्या घरच्या भाकरी एका टोपलीत येऊन पडल्या आहेत. हा दृष्टान्त माझा, बाईंचा नव्हे. सारांश, ज्या मोजपट्टीने फिशर उच्चनीच शोधत होते, तीच घेऊन बाई जातीच्या जन्मकथेला प्रश्न विचारीत होत्या. त्या म्हणतात तेच सगळे बरोबर, असे पुढच्या अभ्यासकांनी मानलेले नाही. पण प्रश्न चांगला होता.

माझ्या स्वतःच्या उपयोगी मात्र त्यांचे दुसरेच काम पडले. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा त्यांचा 1953 चा ग्रंथ. नात्यागोत्यांचा. त्यात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. लग्न कुणाशी चालते, कुणाशी चालत नाही, आणि नात्यांना कोणते शब्द आहेत, यावरून. उत्तरेत लेक दूरच्या, अनोळखी गावी द्यायची. दक्षिणेत ती शक्य तो नात्यात द्यायची. आपला महाराष्ट्र मध्ये. इथे मामाची मुलगी अनेक जातींत चालते, आत्याची मुलगी बहुधा चालत नाही.

मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि वर्गात फळ्यावर नाती काढायला सुरुवात केली. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. माझ्या वर्गात कुणबी, तेली, महार, गोंड, हलबा, कंवर अशी सगळी मुले. महाराष्ट्राच्या अनेक भागांत सून सासूला आत्याबाई म्हणते आणि सासऱ्याला मामंजी म्हणते. असे का, असा प्रश्न टाकला आणि गप्प बसलो. पाच मिनिटांनी एक मुलगी उठली. सासू जर आत्या असेल, तर नवरा आतेभाऊ झाला, म्हणजे त्याने मामाची मुलगी केली, असे तिने बोटे मोडत सांगितले. बाईंच्या ग्रंथातले अर्धे प्रकरण तिने एका दमात मांडले होते. तेवढ्यात एका चौकस पोराने विचारले, की सासरा जर मामा असेल, तर मग उलटेच होईल. तेही बरोबर. त्याचे उत्तर मला देता आले नाही. जिभेवर राहून गेलेली एखादी जुनी रीत असेल.

गोंड मुलांना यात काहीच नवल वाटले नाही. त्यांच्यात बहिणीच्या मुलाला भावाची मुलगी द्यायची किंवा भावाच्या मुलाला बहिणीची, याला दूध परत करणे म्हणतात. एका घरची लेक दुसऱ्या घरी गेली, तर पुढच्या पिढीत तिकडची लेक इकडे यायची. शिवाय चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी त्यांची कुळे. एका देवाचे ते सगळे भाऊ, त्यांच्यात लग्न नाही. दुसऱ्या देवाचे ते सोयरे. नवखा गोंड माणूस भेटला की किती देवांचा एवढे विचारले, की त्याच्याशी कसे वागायचे, थट्टा करायची की मान राखायचा, हे ठरून जाते. एवढी नीटस व्यवस्था आहे ही. आणि माझ्या प्रश्नावलीत तिला एकही रकाना नव्हता! कुटुंबप्रमुख कोण, हे विचारून मी म्हातारीचा वेळ घालवत होतो.

या माणसाची सगळी पुस्तके वाचून काढावीत, असे मग मला वाटले. 'परिपूर्ती', 'भोवरा', 'आमची संस्कृती', मृत्यूनंतर आलेले 'गंगाजल'. बाई स्कूटर चालवीत. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई त्याच, असे सांगतात. नवऱ्याला एकेरी नावाने हाक मारीत. घरी जाई, आनंद आणि गौरी अशी तीन मुले. त्यांतल्या जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे स्वतःच्या लेखणीने नावारूपाला आल्या. 'परिपूर्ती' हा लेख तर सर्वांनी वाचला असेल. सभेत आपली ओळख कुणाची सून, कुणाची बायको अशी करून दिली जाते, त्यात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, आणि शेवटी रस्त्यातली शाळकरी पोरे आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात तेव्हा ती ओळख पूर्ण होते. आम्ही तो धडा आईच्या मायेचा म्हणून शिकलो. आता वाचताना वाटते, की ती नातेशास्त्राची टिपणवही आहे, फक्त अभ्यासविषय त्या स्वतः आहेत.

पंढरीच्या वारीत त्या चालल्या, त्यावर लिहिलेला लेखही असाच. दिंडीत ब्राह्मणांचा गट वेगळा, मराठ्यांचा वेगळा. दिवसभर एकाच अभंगात माना डोलवायच्या आणि जेवायला वेगळे बसायचे. बाईंना ते लागले. त्या दोन्हीकडे मिसळल्या, दोन्हीकडच्या बायकांशी मैत्री केली, आणि जे दिसले ते न झाकता लिहिले. त्याच लेखात महाराष्ट्र म्हणजे काय, याची एक व्याख्या त्यांना सापडली. ज्या मुलखातली माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशा अर्थाची. मराठी माणूस त्या जागी गहिवरतो.

मी गहिवरलो नाही. मला रागच आला, खरे सांगायचे तर. वर्गात विचारले, पंढरपूरला कुणाकुणाच्या घरचे जाऊन आले? दोन-तीन हात वर झाले. मार्कंड्याच्या जत्रेला? अर्धा वर्ग. माघी पौर्णिमेला कचारगडला? गोंड मुलांचे सगळे हात वर. मग आम्ही महाराष्ट्रात आहोत की नाही? आमची दंडार, आमची मंडई, वडशाहून गावोगाव जाणारी झाडीपट्टीची नाटके, यांना त्या व्याख्येत जागा कुठे? बाईंनी 1968 साली महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांवर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात आदिवासींची दखल आहे. पण ग्रंथ थोडे लोक वाचतात, आणि वारीचा लेख सगळे. अभ्यासकाने ज्या रस्त्याने चालायचे ठरवले त्या रस्त्यावरचीच माणसे त्याला भेटतात. बाई आळंदीहून निघाल्या. कचारगडच्या गुहेकडे निघाल्या असत्या, तर दुसरी व्याख्या सापडली असती. हे माझे भांडण त्यांच्याशी अजून मिटलेले नाही.

आणि तरीही त्यांना सोडवत नाही, याचे कारण 'युगान्त'. 1967 साली आलेले, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले पुस्तक. महाभारतातली माणसे बाईंनी अशी तपासली, की जणू त्या हस्तिनापुरात बसून वंशावळी लिहून घेत आहेत. भीष्माच्या त्यागापायी किती बायकांची आयुष्ये नासली, याचा हिशेब मांडला. दिराकडून संतती होण्याच्या रीतीवरून विदुर आणि धर्म यांचे नाते बापलेकाचे असेल काय, असा तर्क केला. त्यावर त्या काळी पुष्कळ चर्चा झाली. आमच्या कुरखेड्यात मात्र वादळ झाले ते 'मयसभा' या प्रकरणावरून.

त्यात खांडववन जाळल्याची कथा आहे. लहानपणी कीर्तनात आम्ही ती ऐकली होती ती अशी, की अग्नीला भूक लागली आणि कृष्णार्जुनांनी त्याला वन खायला दिले. बाई थांबून विचारतात, जळाले कोण? पळू पाहणाऱ्यांना बाण मारून परत आगीत का लोटले? नाग म्हणजे साप नव्हेत, वनात राहणारी माणसे, आणि वन जाळले ते राजधानीला व शेतीला जमीन हवी म्हणून, असा अर्थ त्या लावतात. एवढे करून बांधलेली मयसभा पांडवांना लाभली नाही. वाचलेल्या तक्षकाचे वैर परीक्षितापर्यंत आले, आणि जनमेजयाच्या सर्पसत्रात, म्हणजे आणखी एका जाळपोळीत, महाभारत सांगितले गेले.

हे मी वर्गात वाचून दाखवले, ते साल 1990 च्या आसपासचे. पुण्यात हे वाचणे वेगळे आणि इथे वाचणे वेगळे. इचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांविरुद्ध 1984 मध्ये जंगल बचाव, मानव बचाव आंदोलन झाले होते. बाबा आमटे, लालश्याम शाह महाराज यांच्या मागे आदिवासी मैलोगणती चालत आले होते. वर्गातल्या एका मुलाचा बाप त्या मोर्चात होता. तास संपल्यावर तो टेबलाशी आला. खांडववनातली ती माणसे स्वतःला काय म्हणवून घेत होती, असे त्याने विचारले. त्यांना नाग म्हणणारे तर जाळणारेच होते ना? मी पुस्तक उघडून पाहिले. तिथे उत्तर नव्हते. महाभारतातच नाही, तर बाई कुठून देणार? पण असा प्रश्न सुचण्याइतकी वाट त्यांनी करून ठेवली होती, हे खरे.

धरणांचा विषय निघालाच आहे. बाईंच्या शेवटच्या कामांपैकी एक म्हणजे कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी, जाई निंबकरांसह केलेली, 1969 साली प्रसिद्ध झालेली. धरण 1963 मध्ये पुरे झाले होते, वीज मुंबईला पोचली होती. साठी ओलांडलेली ही बाई उठलेल्या माणसांच्या मागे कशाला गेली? नात्यांचा अभ्यास केलेल्या माणसालाच कळेल, की गाव उठते तेव्हा नुसती घरे उठत नाहीत. लेकी कुठे द्यायच्या, पेरणीला कुणाला बोलवायचे, मयताला कोण येणार, ही सगळी जाळी तुटते. हातावर रोख रक्कम ठेवली की पुनर्वसन झाले, हा हिशेब किती अपुरा आहे, ते त्या पाहणीत दिसते. आज ही गोष्ट सगळेच बोलतात. तेव्हा बोलणारे थोडे होते. त्यानंतर त्यांनी आठवडी बाजारांवर एक अभ्यास सहकाऱ्यासह पुरा केला. 11 ऑगस्ट 1970 रोजी झोपेतच त्यांना मृत्यू आला. वय अवघे 64.

पुढे आमच्या जिल्ह्यात माणसांनी स्वतःचाच अभ्यास करायची एक वेगळी रीत निघाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात अभ्यासगट सुरू झाले. गावकरी बसणार, जंगलाचा, कायद्याचा, दारूचा अभ्यास करणार, बाहेरचा जाणकार आला तर त्याला विचारणार, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने घेणार. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होते. आमच्या कुरखेड्यातही आरोग्याचे काम करणारी एक संस्था आहे. तिचे नावच मुळी 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' असे आहे. बाहेरच्यांना मात्र कुरखेडा आठवते ते 1 मे 2019 या दिवसामुळे. जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांचा खासगी गाडीचालक गेले तो दिवस. त्यानंतर काही आठवडे पुन्हा वह्या घेतलेली माणसे बाजारात दिसत होती. लोकांनी त्यांना पाणी दिले, सावलीत बसवले.

मी आता निवृत्त झालो आहे. मागच्या उन्हाळ्यात पुराड्याकडच्या त्याच गावातली एक मुलगी घरी आली. ती म्हातारी तिच्या आजीची आई. म्हातारी केव्हाच गेली. ग्रामसभेसाठी ही मुलगी माहिती गोळा करीत होती, की गेल्या चाळीस वर्षांत बाहेरून कोण कोण गावाचा अभ्यास करून गेले, त्यांनी काय विचारले, आणि लिहिलेले कागद कुठे गेले. माझे नाव तिच्या यादीत होते. माझे कागद कुठे गेले हे मला आठवेना. कपाट उपसले, सापडले नाहीत. तिने तसे लिहून घेतले. मग तिने वहीचे पान उलटले आणि माझी चौकशी केली. गाव कोणते, घरात कोण कोण, पेन्शन किती.

मी आकडा बरोबर सांगितला. आणि आजोबांच्या शेतीचा आकडाही दुरुस्त करून दिला.